रेघ मारलेल्या गोळ्या

आमच्या लामबाखमध्ये एंगेलबर्ट क्रिनरच्या कोटाचं बटण न धरलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. चाळीस वर्षं त्यानं गावातली धुराडी झाडली, आणि धुराडी झाडणारा वाटेत भेटला की त्याचं बटण धरायचं, म्हणजे नशीब उघडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लग्न ठरलं, धरा बटण. परीक्षा आली, धरा बटण. गिर्गल शेतकऱ्याची गाय अडली तेव्हा त्यानं तर भर रस्त्यात याला सायकलवरून उतरवून बटण धरलं होतं. कामावरून निवृत्त झाल्यावरसुद्धा रविवारी तोच पितळी बटणांचा काळा कोट घालून तो नेमबाजी मंडळात यायचा, आणि स्पर्धेआधी मंडळातले सगळे जण रांगेनं बटणाला हात लावून जायचे. ते त्याला आवडायचं. मात्र कुणी म्हणालं, "बेर्टल, तुला काय, नशीबच तुझ्या छातीवर टाचलेलं," की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "नशीब तुम्हाला लागतं. मला हात आहे," असं म्हणून तो उजवा हात पुढे धरायचा. आणि हात होताच तसा. काठोकाठ भरलेला बिअरचा मग त्या पंजावर ठेवला असता तरी फेस हलला नसता.

ठासणीच्या पिस्तुलाचा नेम हा त्या हाताचा खेळ. अर्ध्या तासात तेरा बार काढायचे, पंचवीस मीटरवर कागद, त्यातले चांगले दहा मोजायचे. प्रत्येक बाराला पुन्हा पहिल्यापासून सगळं: काचेच्या बारक्या नळीतली काळी दारू ओतायची, तिच्यावर पोकळी भरायला रवा, हो, ज्याची दुधातली खीर करतात तोच रवा, मग ग्रीसच्या चिंधीत गोळी, गजानं ठासायची, बार उडवणारी तांब्याची बारकी टोपी बसवायची, श्वास धरायचा. बार निघाला की समोर नुसता पांढरा धूर, आणि तो विरेपर्यंत आपण राजा की गाढव हे कळत नाही. एंगेलबर्ट बहुतेक वेळा राजाच निघायचा. अकरा वेळा तो वर्षाची स्पर्धा जिंकून मंडळाचा राजा झाला होता, आणि राजाला मिळणाऱ्या रंगवलेल्या लाकडी चकत्या, एकूण अकरा, त्याच्या घराच्या दर्शनी भिंतीवर छपराखाली ओळीनं ठोकलेल्या होत्या. पर्यटक उभे राहून फोटो काढायचे. तो खिडकीच्या पडद्याआडून बघायचा.

दारू आणि रवा नळ्यांत भरायचा, गोळ्या पाडायच्या, हे काम मात्र त्याच्या बायकोचं, रोस्विताचं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं तिला शिकवलं होतं. धुण्याच्या खोलीत चुलीवर शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, गार झालेली गोळी टपालाच्या छोट्या तराजूवर तोलायची. हलकी निघाली तर आत हवेचा बुडबुडा समजायचा, सुरीच्या टोकानं तिच्यावर रेघ मारायची आणि पुढच्या वेळी परत भांड्यात टाकायची. हे त्यानं शिकवलं आणि त्यानंतर सव्वीस वर्षं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. रविवारी सकाळी टेबलावर लाल डबी भरलेली असायची. ती कशी भरते हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. माणसाला ताटातल्या भाकरीबद्दल जेवढा पडतो तेवढाच.

चार वर्षांपूर्वी गावागावांतल्या सामन्यात तिघांच्या संघातला एक जण तापानं आडवा झाला. मंडळाचा प्रमुख ओट्टमार डोक्याला हात लावून बसला. तिसरा भिडू नाही म्हणजे संघच बाद. रोस्विता तिथेच होती, डबे घेऊन आलेली, आणि मंडळाची सभासदही होती, कारण सभासदाच्या बायकोला वर्गणी निम्मी पडते. सराव म्हणून कधीमधी चार बार काढायची, तेवढंच. कुणीतरी म्हणालं, हिलाच उभी करा. एंगेलबर्टनं आपलं जुनं पिस्तूल तिच्या हातात दिलं. तिनं एक्याऐंशी मारले. त्या दिवशी तो गावभर सांगत सुटला होता, माझी बायको बघा, एक्याऐंशी. खरं सांगायचं तर त्याला वाटलं, आपलीच कला घरात सांडली, तिच्या पदरात चार थेंब पडले. शिकवायलाही लागला. कोपर असं ठेव, श्वास तिथं सोड.

एक्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी झाले तोवर ठीक होतं. एक्याण्णव झाले तेव्हा तो म्हणाला की आज वारा पडला होता. गेल्या वसंतात तिचे चौऱ्याण्णव आले आणि त्याचे त्र्याण्णव. त्या दिवशी त्यानं घरी येऊन पिस्तुलाची नळी उकळत्या पाण्यात धुताना एवढी घासली की ब्रशचे केस गळाले.

तिथून त्याच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. बेकरीत गेला तर काउंटरवरची बाई ब्रेत्सलचे पाव बांधता बांधता विचारायची, काय, रोस्विताचे किती आले या रविवारी? त्याचे किती आले हे कुणी विचारायचं नाही. तिथेच भिंतीवर जिल्हा वर्तमानपत्राचं कात्रण टाचलेलं, त्यात तिचा फोटो. त्यानं घरी येऊन स्वतःचं जुनं कात्रण काढलं आणि पट्टीनं मोजलं. तिचा फोटो दोन बोटं मोठा. साठी ओलांडलेला माणूस, स्वयंपाकघरात पट्टी घेऊन बसलेला. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि लाज वाटल्याचाही राग आला. तो माळ्यावर जाऊन रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत बसायला लागला, तासन्‌तास, आणि खालून ती हाक मारायची तेव्हा म्हणायचा की छपराचं लाकूड तपासतोय. ती नळ्या भरताना गुणगुणायची. तो रेडिओ मोठा करायचा. तिच्यावर त्याचं प्रेम नव्हतं असं नाही. प्रेम होतंच. पण तिचा कागद आला आणि काळ्या वर्तुळाच्या मध्ये एकाच भोकात तीन गोळ्या गेलेल्या दिसल्या, की अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि ती आपली बायको आहे हे आठवलं की आणखीच व्हायचा. परका असता तर निदान उघड शिव्या देता आल्या असत्या.

यंदा तर मंडळाला दीडशे वर्षं झालेली. आमच्याकडे मागच्या वर्षीच्या राजानं यंदाची चकती करून द्यायची असते, चित्र कुठलं काढायचं तेही त्यानंच ठरवायचं. मागच्या वर्षीचा राजा एंगेलबर्टच; त्यानं शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंकडून चित्र काढून घेतलं: लामबाखची छपरं, मागे रेगन नदी, आणि सगळ्यांत उंच धुराड्यावर काळा कोट घातलेला, खांद्यावर शिडी घेतलेला माणूस. मिशासुद्धा त्याच्याच. दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर हे चित्र लागेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. अकरा चकत्यांच्या शेजारी बाराव्या जागेवर त्यानं भिंतीला नवा चुनाही मारून ठेवला. ही एक चकती मिळाली की पुरे, मग रोसीनं खुशाल जिंकावं, असं तो मनाशी म्हणायचा. ती हातची गेली तर मात्र गावात तोंड कसं दाखवायचं हे त्याला कळत नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात गिर्गलनं आगीत तेल ओतलं. या गिर्गलच्या तोंडाला कुलूप नाही, मनात मात्र काही नसतं. मंडळाच्या खोलीत सगळे बिअर घेऊन बसले होते, मुळ्याच्या चकत्यांना मीठ लावून ठेवलेलं. गिर्गलनं मुळा चावत विचारलं की गोळ्या कोण तोलतं तुमच्याकडे. रोसी, असं एंगेलबर्ट म्हणाला.

"दोघांच्याही?"

"दोघांच्याही. मग?"

"मग काय, विचारलं आपलं. माझ्या हातात तराजू असता तर चांगल्या गोळ्या कुणाच्या डबीत गेल्या असत्या, हे मी तरी बायकोला सांगितलं नसतं."

सगळे हसले. एंगेलबर्टही हसला आणि बिअर अर्धी सोडून घरी गेला.

घरी ती धुण्याच्या खोलीत बसली होती. सव्वीस वर्षांनी तो त्या दारात उभा राहिला. टेबलावर दोन ढीग होते, एक मोठा, एक लहान. हे काय, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, या तुझ्या, या माझ्या. शेजारी लाल डबी आणि निळी डबी. त्यानं निळीकडे हात नेला तशी तिनं झटकन झाकण लावलं. "माझ्या डबीला हात लावायचा नाही, बेर्टल," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. चोराच्या मनात चांदणं, असं त्याला वाटलं. रात्रभर त्याला ते झाकण दिसत राहिलं. म्हणजे हे असं आहे. म्हणून चौऱ्याण्णव.

रविवारी सकाळी ती केसांना पिना लावत होती तेवढ्यात त्यानं दोन्ही डब्या उघडल्या. लाल डबीतल्या गोळ्या खिशात, निळीतल्या लालमध्ये, खिशातल्या निळीत. झाकणं लावली. अर्धा मिनिटही लागलं नाही. तो स्वतःशी म्हणाला की ही चोरी नाही, आपलं होतं ते परत घेतलं, एवढंच. गोळ्यांकडे त्यानं नीट बघितलंही नाही. चष्मा कोटात होता, आणि बघून त्याला कळणार तरी काय होतं.

स्पर्धेआधी रांग लागली. सगळ्यांनी बटण धरलं. गिर्गलनं याचं बटण धरलं आणि मग पलीकडे जाऊन रोस्विताच्या जाकिटाचंही धरलं, आणि लोक हसले. एंगेलबर्टनं दात आवळले. दोघांना शेजारशेजारच्या जागा आल्या होत्या, तो तिसऱ्या, ती चौथ्या.

पहिला बार. धूर गेला, दुर्बिणीत पाहिलं, सात. असं होतं कधी, नळी गार असते. दुसरा, नऊ. तिसरा सहा, डावीकडे वर. सहा त्यानं तारुण्यात मारला असेल तेवढाच. चौथा पुन्हा सात, आता उजवीकडे खाली. हात तोच, श्वास तोच, आणि गोळी मनाला येईल तिथे. दारू ओलसर आहे का, रवा कमी पडला का, काहीच कळेना. मग पाचवी गोळी चिंधीवर ठेवताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. त्यानं कोटातून चष्मा काढला.

गोळीवर रेघ होती. सुरीच्या टोकानं मारलेली, बारीक, सरळ. त्यानं डबी उलटी केली. सगळ्यांवर रेघ. एकूण एक गोळीवर.

या तर भांड्यात परत टाकायच्या गोळ्या होत्या. ही खूण त्यानंच तिला शिकवलेली. म्हणजे चांगल्या सगळ्या लाल डबीत जात होत्या, आजही, चार वर्षं, आणि ही बाई या पोकळ कचऱ्यावर नेम धरून चौऱ्याण्णव मारत होती. लपवत होती ती हे. आणि आता चांगल्या गोळ्या तिच्यासमोर होत्या.

त्यानं मान वळवली. रोस्विता हातातली गोळी उजेडाकडे धरून फिरवत होती. तिनं दुसरी उचलली, तीही फिरवली. मग त्याच्याकडे बघितलं आणि हसली. झालं, पकडली चोरी, असं तो समजला. तोंड पुढे केलं आणि उरलेले नऊ बार कसेबसे काढले. एकूण चौऱ्याऐंशी. तिचे अठ्ठ्याण्णव आले. आमच्या मंडळाच्या दीडशे वर्षांत अठ्ठ्याण्णव कुणी मारले नव्हते, त्यानंही नाही.

राजाची चांदीची साखळी जुन्या राजानं नव्याच्या गळ्यात घालायची असते. त्यानं ती घातली. साखळीची कडी लागेना. बिअरचा फेस न हलू देणाऱ्या त्या हाताला ती चौथ्या खेपेला साधली. ओट्टमारनं रोस्विताला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती कधी चारचौघांत बोललेली नव्हती. मानेला हात लावत ती म्हणाली, "आज माझ्या डबीत माझ्या गोळ्या नव्हत्या. हलक्या गोळ्या मी नेहमी मला ठेवते, बेर्टलला चांगल्या लागतात. आज यानं मला न सांगता आपल्या मला दिल्या आणि माझ्या स्वतः घेतल्या. चकतीवर याचंच चित्र होतं तरी. मी काय बोलू."

मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की अकरा वेळा राजा होऊन त्याच्या वाट्याला तसा आला नव्हता. गिर्गलनं तर डोळे पुसले आणि त्याला मिठी मारून कानात म्हणाला, "मी काय बडबडलो होतो रे त्या दिवशी, मला माफ कर." एंगेलबर्टनं तोंड उघडलं. सगळ्यांची तोंडं बघितली. पुन्हा मिटलं.

चकतीवर नाव रंगवून वाळायला आठवडा लागतो. तो आठवडा त्याच्या शत्रूवरही येऊ नये. बेकरीतल्या बाईनं ब्रेत्सलचे पैसे घेतले नाहीत. पाद्रीबाबांनी बुधवारच्या प्रार्थनेत नाव न घेता त्याचं उदाहरण दिलं, आणि सगळं चर्च वळून त्याच्याकडे बघत होतं. लग्न ठरलेल्या दोन पोरी रस्त्यात भेटल्या, बटण धरून म्हणाल्या, असाच नवरा मिळू दे. घरी रोस्विता तर उजळून निघाली होती. त्याच्या आवडीचं, डुकराच्या भाजलेल्या मांसाचं जेवण तिनं आठवड्यात दोनदा केलं आणि सुरकुतलेला हात दोनदा त्याच्या गालावरून फिरवला. तो दोन्ही वेळा ताट अर्धं सोडून माळ्यावर गेला. आणि गंमत बघा, एवढं होऊनसुद्धा ते अठ्ठ्याण्णव त्याच्या छातीत काट्यासारखे रुतून होतेच.

चकती घरधन्यानं स्वतः ठोकायची. शनिवारी सकाळी त्यानं शिडी लावली, तोंडात खिळे धरून वर चढला. खाली रोस्विता शिडी धरून उभी. आयुष्यभर तो शिड्यांवरच वावरला, कधी कुणी शिडी धरली नव्हती. ही मात्र दर चकतीला धरायची. बाराव्या जागेवर त्यानं चकती टेकवली. धुराड्यावर तो स्वतः, मिशांसकट, आणि खाली सोनेरी अक्षरांत: रोस्विता क्रिनर, ९८. त्यानं खिळ्यावर हातोडी मारली. दुसरी मारायच्या आधी भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

"रोसी, मी दिल्या नाहीत गोळ्या. बदलल्या. मला वाटलं, चांगल्या तू स्वतःला ठेवतेस."

त्याला वाटलं ती शिडी सोडून निघून गेली. खाली बघायचा धीर होईना.

"खिळा वाकडा चाललाय," ती म्हणाली.

त्यानं तो उपटला, सरळ धरला, ठोकला. उरलेले तीनही ठोकले. शिडी जराही हलली नाही. तो खाली उतरला तेव्हा ती आत गेली होती.

तीन दिवस ती बोलली नाही. सूप पुढ्यात यायचं, गरम यायचं, पण शब्द नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिनं त्याच्यासमोर साचा ठेवला, शिशाचं भांडं ठेवलं, तराजू आणि सुरी ठेवली, आणि लाल आणि निळी अशा दोन्ही डब्या, रिकाम्या. "आजपासून गोळ्या तू पाड. दोन्ही डब्या तूच भर," ती म्हणाली. "मी उघडून बघणार नाही आणि विचारणारही नाही."

आता तो दर शनिवारी धुण्याच्या खोलीत बसतो. चाळीस गोळ्या पाडाव्यात तेव्हा कुठं तेरा वजनाला बरोबर उतरतात, हे त्याला या वयात कळलं. सव्वीस वर्षांच्या रविवारांचा हिशेब त्यानं एकदा मनात करायला घेतला आणि सोडून दिला. हेवा गेला का म्हणाल, तर कसला जातोय. गेल्या रविवारी तिचे शहाण्णव आले, याचे एकोणनव्वद, आणि घरी येऊन यानं टोपी अशी भिरकावली की ती चुलीमागे पडली. पण पुढच्या शनिवारी तो पुन्हा तराजूपुढे बसलेला होता. हलक्यांवर रेघ मारली, त्या लाल डबीत टाकल्या. चांगल्या तेरा मोजून निळीत ठेवल्या, झाकण दाबून लावलं, आणि लगेच उठून अंगणात जाऊन बसला, पुन्हा हात तिकडे जाऊ नये म्हणून.